केबलचं कुलूप

स्टेशनवर मला सगळे कुलूपकाका म्हणतात. तोंडावर एवढंच म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि ते काही अगदीच खोटं नाही. अठ्ठावीस वर्षं मी एकच काम केलं. समुद्रातून येणाऱ्या केबलची वीज बंद करायची, तिला कुलूप लावायचं, आणि कोणी कितीही गयावया केली तरी वेळ झाल्याशिवाय ते उघडायचं नाही. अशा कामात माणूस गोड बोलायला कुठून शिकणार?

लोकांना वाटतं इंटरनेट वरून येतं. माझी मेहुणी तर अजूनही त्याबद्दल बोलताना बोट आभाळाकडे करते. अहो, समुद्राच्या तळाशी केबल पडलेली असते. बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी जाडी, आत केसासारख्या काचेच्या तारा. एका खंडावर पाण्यात शिरते ती दुसऱ्या खंडावरच डोकं वर काढते. एवढ्या लांब जाताना सिग्नल थकतो, म्हणून वाटेत त्याला जोर देणारे डबे बसवलेले असतात. त्या डब्यांना वीज लागते आणि ती आमच्या स्टेशनातून जाते. हजारो व्होल्ट. केबल तुटली की दुरुस्तीचं जहाज तुटलेली टोकं वर ओढून घेतं आणि जहाजावरचा जोडारी ती हातांनी जोडायला बसतो. त्या वेळी इकडे कोणी बटण दाबलं तर तिकडे माणूस जागच्या जागी संपला. म्हणून कुलूप.

आणि कुलूप म्हटलं की किल्ली आली. किल्लीचा नियम सोपा आहे. ज्याच्या सहीनं वीज बंद झाली, किल्ली त्याच्याच गळ्यात. टेबलावर नाही, खुंटीवर नाही, गळ्यात. पूर्वी एक जादा किल्ली काचेच्या कपाटात असायची. मी नोकरीला लागलो त्याच्या चौथ्या वर्षी एका शहाण्यानं, काम झालं असेल असं समजून, त्या जादा किल्लीनं कुलूप उघडलं. जहाजावरचा जोडारी दोन मुलींचा बाप होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज रोज रेडिओवर ऐकत होतो. पुढे स्टेशनची सूत्रं माझ्या हातात आली, तेव्हा पहिलं काम काय केलं असेल तर ती जादा किल्ली करवतीनं कापून टाकली. त्याबद्दल मला आजही कोणी बोलायचं काम नाही.

आता घरचं सांगतो. आमच्या हिचा आवाज तीन वर्षांपूर्वी गेला. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात आवाजाची पेटीच काढावी लागली. त्याआधी ती काय बोलायची! मी फाटकातून आत पाऊल टाकायच्या आत तिचे चार प्रश्न माझ्या अंगावर येऊन पडलेले असायचे. आवाज गेल्यावर पहिले दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग आमच्या पोरानं, तिकडे दुसऱ्या खंडावर बसून, तिच्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली. पुस्तकातल्या खुणा नव्हेत. दोघांनी मिळून घरच्या घरी बनवलेल्या. कपाळावर दोन बोटं म्हणजे मी, कारण मी सतत कपाळाला आठ्या घालून असतो म्हणे. रोज संध्याकाळी टॅबलेट समोर ठेवून मायलेकांचे हात तासभर चालायचे. मधूनच दोघं माझ्याकडे बघून हसायची. मी विचारलं, “काय चाललंय?” की पोरगा म्हणायचा, “बाबा, तुमच्या कामाचं नाही.” मला त्यातलं निम्मंसुद्धा कळायचं नाही. शिकलो नाही मी. रोज उद्या शिकू म्हणत राहिलो.

केबल तुटली तेव्हा तिची तब्येत आधीच उतरणीला लागली होती. कुणा जहाजाचा नांगर घसटला आणि सगळ्या गावाची परदेशाशी असलेली लाइन गेली. उपग्रहावरून थोडंफार चालू होतं, पण ते बँकांना आणि इस्पितळांना. बाकीच्यांना वीस वेळा फिरवल्यावर एखादा फोन लागायचा, तोही तुटक. पोरगा फोनवर नुसता “आई, आई” करायचा आणि ही रिसीव्हर कानाला लावून बोटानं त्यावर टकटक करायची. ते बघवायचं नाही. मी खोलीतून उठून जायचो. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी जहाजाचा निरोप आला की उद्या शेवटचा जोड, दुपारपर्यंत लाइन सुरू. त्याच संध्याकाळी डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, “मुलाला बोलावून घ्या. आठवड्याचा भरवसा देत नाही.” पोराला कसंबसं कळवलं. त्यानं मिळेल ते तिकीट काढलं, पण विमान दोन दिवसांनंतरचं, पोचायला तीन दिवस लागणार होते.

सकाळी मी तिच्या पलंगापाशी उभा राहून म्हणालो, “आज नाही जात मी. बसतो तुझ्यापाशी.” तिनं डोळे वटारले. आवाज नसला तरी डोळे वटारायला तिला काही कमी नव्हतं. दाराकडे हात केला, मग टॅबलेटकडे, मग पुन्हा दाराकडे. एवढी खूण मलाही कळली. जा आणि लाइन सुरू करून ये. तिला पोराला बघायचं होतं. तीन दिवस आपण टिकू असं तिला वाटत नसावं. तिला दुसरं काहीच नको होतं, औषधसुद्धा नको होतं.

आणि खरं सांगायचं तर मला जाणं भागही होतं. कुलूप लावायचा अधिकार स्टेशनात दोघांनाच. दुसऱ्याचा गुडघा नुकताच बदललेला, तो घरी लोळत पडलेला. तिसरी म्हणजे आमची नवी इंजिनिअर. हुशार पोरगी, परीक्षा पास झालेली. तिच्या अधिकाराचा कागद माझ्या सहीसाठी महिनाभर माझ्याच खणात पडला होता. मी तिला सांगितलं होतं, “अजून थोडं शीक, मग सही करतो. घाई कसली?”

सात वाजता मी वीज उतरवली, कुलूप घातलं, जहाजाला लेखी निरोप पाठवला आणि किल्ली गळ्यात अडकवली. त्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, हाही माझाच नियम. फोन बाहेरच्या खणात ठेवला. मग आम्ही वाट बघत बसलो. वाट बघण्याचंच काम असतं ते. तिकडे जोडारी काचेच्या तारा एकेक करून जोडत असतो आणि इकडे आपण भिंतीकडे बघत असतो. नवी इंजिनिअर दोनदा म्हणाली, “काका, तुम्ही घरी जा ना. मी बसते.” मी म्हणालो, “आणि कुलूप कोण उघडणार? तुझे वडील?” ती पुन्हा रेडिओपाशी जाऊन बसली. बिचारी.

साडेबाराला फाटकावरचा वॉचमन धावत आला. मेहुणीचा फोन होता. हिला श्वास लागला, हॉस्पिटलमध्ये हलवतोय, ताबडतोब या. पुढचं मी ऐकलंच नाही. वॉचमनला हॉस्पिटलचं नाव विचारायचं भान नव्हतं आणि गरजही नव्हती, कारण आमचं ठरलेलं हॉस्पिटल बाजारामागचं, लहानसं, तीन वर्षांपासूनचं. मी स्कूटर काढली आणि सुटलो. नवी इंजिनिअर मागून काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, सावकाश जा म्हणत असेल.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मला नाही आलं. अठ्ठावीस वर्षं गळ्यात घातलेली वस्तू. घड्याळ जसं मनगटाला कळत नाही तसं माझ्या गळ्याला ती कळतच नव्हती. आणि मोबाइल राहिला खणात.

हॉस्पिटलात पोचलो तर ही खिडकीजवळच्या पलंगावर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मेहुणी शेजारी टॅबलेट मांडीवर घेऊन बसलेली. हॉस्पिटलच्या उपग्रहाच्या लाइनवरून वॉर्डातल्या नर्सला परदेशी निरोप पाठवता येत होते, म्हणून मेहुणीनं तिच्याकडून पोराला कळवून ठेवलं होतं की दुपारपासून स्क्रीनसमोर बसून राहा, लाइन आली की लगेच लाव. तिकडे पहाट होती. पोरगा कपडे करून बसला होता म्हणे.

मी हिचा हात हातात घेतला. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि भुवया उंचावल्या. झालं का काम?

“होतंय,” मी म्हणालो. “आता होईलच. तू शांत पडून राहा.”

एक वाजला, दीड वाजला. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. मी जहाजाला शिव्या घालायला सुरुवात केली. मंद म्हटलं, कामचुकार म्हटलं, आजकालच्या जोडाऱ्यांचे हात लाकडाचे असतात म्हटलं. दोन वाजता मेहुणी म्हणाली, “भावजी, माझ्या फोनवरून स्टेशनला विचारा ना, किती वेळ आहे ते.”

“काम चालू असताना स्टेशनला फोन करायचा नाही!” मी तिच्यावर खेकसलो. “तिथल्या माणसाचं लक्ष एका ठिकाणी हवं. झालं की लाइन आपोआप येईल. समोर दिसेलच की.”

तिनं फोन पर्समध्ये ठेवून दिला. ती मला घाबरते. सगळेच घाबरतात.

अडीचच्या सुमाराला हिनं एकदम माझ्या शर्टाला हात घातला. बोटांत जोर नव्हता, पण वरचं बटण धरून ओढत होती. मला वाटलं, जवळ ये म्हणते. मी वाकलो. तिनं माझ्या गळ्यावर हात फिरवला, दोरी बोटात पकडली आणि हलवली. एकदा, दोनदा. मग टॅबलेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हो गं,” मी म्हणालो, “अजून बंद आहे. उघडलं की येईल पोरगा. धीर धर.”

तिनं मान हलवली. नाही, नाही. कपाळावर दोन बोटं ठेवली, ती मला माहीत असलेली एकुलती एक खूण. मग पुन्हा दोरी ओढली, दाराकडे हात केला, मास्क तोंडावरून ओढून काढला आणि ओठ हलवले. ओठांवरचं मला कधीच वाचता आलं नाही. नर्स धावत आली, म्हणाली, “आजोबा, त्यांना असं करू देऊ नका, दम लागेल.” मी मास्क परत बसवला. तिचे दोन्ही हात धरून पलंगावर ठेवले आणि जरा जोरातच म्हणालो, “आता गप पडून राहा बरं. हट्ट नको.”

ती पडून राहिली. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. मला वाटलं, पोराच्या आठवणीनं आलं. मी रुमालानं टिपलंसुद्धा.

तीन वाजून वीस मिनिटांनी स्टेशनचा ड्रायव्हर वॉर्डाच्या दारात उभा राहिला. घामानं भिजलेला. आधी आमच्या घरी गेला होता, तिथे कुलूप. शेजाऱ्यांनी हॉस्पिटल म्हटलं म्हणून गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात गेला, तिथे दोन मजले धुंडाळले, मग इथे. तो काही बोलायच्या आधीच मी त्याच्यावर डाफरलो, “काय रे, जहाज बुडालं की काय?”

“काका, जहाजाचं एक पन्नासलाच झालं,” तो म्हणाला. “किल्ली तुमच्याकडे आहे.”

मी गळ्याला हात लावला. होती. हिनं ओढून ओढून शर्टाबाहेर काढलेली, सगळ्यांना दिसेल अशी.

मी हिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मला तिच्या नजरेत राग दिसला असता तर बरं झालं असतं. तिनं नुसते डोळे मिटले.

ड्रायव्हरचा फोन घेतला आणि स्टेशनला लावला, काम चालू असताना. “कुलूप काप,” मी नव्या इंजिनिअरला म्हणालो. “कटर घे आणि आत्ताच्या आत्ता काप.”

“काका, मी दीड तास तुम्हाला फोन लावतेय,” ती रडतच होती. “तुमचा फोन इथंच खणात वाजतोय. तुम्हीच शिकवलंय, ज्याचं कुलूप त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. जहाज म्हणतंय झालं, तिकडचं स्टेशन म्हणतंय झालं. पण तुमचा शब्द नव्हता. मी काय करणार होते?”

ओरडायला तोंडच उरलं नव्हतं. तिनं अगदी बरोबर केलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे न करता, मी शिकवल्याबरहुकूम.

“बरोबर केलंस,” मी म्हणालो. “आता काप. माझा शब्द आहे. वेळ लिहून घे.”

कटरचा आवाज फोनवर ऐकू आला. पण कुलूप कापलं म्हणजे लाइन आली असं नसतं. वीज एकदम सोडता येत नाही. दोन्ही टोकांनी बोलत बोलत टप्प्याटप्प्यानं चढवावी लागते, प्रत्येक टप्प्यावर थांबून बघावं लागतं. घाई केली तर वाटेतले डबे जळतात आणि मग पुन्हा महिनाभर काही नाही. चाळीस मिनिटं लागतात. मी फोन कानाला लावून बसलो. ती एकेक आकडा वाचत होती आणि मी तो हिला मोठ्यानं सांगत होतो. “तिसरा टप्पा झाला गं. चौथा झाला. आता थोडंच राहिलं. ऐकतेस ना?” मेहुणी तिचे पाय चोळत होती.

पाचव्या टप्प्याला तिनं माझं बोट दाबलं. सहाव्याला नाही. मी सहावा दोनदा सांगितला. मग नर्स आली, तिनं मनगट धरलं, डॉक्टरांना हाक मारली, आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. तीन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. फोनमधून नवी इंजिनिअर विचारत होती, “काका, सातवा चढवू ना? काका?”

“चढव,” मी म्हणालो.

चार वाजून चार मिनिटांनी टॅबलेट वाजला. मेहुणीनं माझ्याकडे बघितलं. मी घेतला.

इतकं स्वच्छ चित्र मी आयुष्यात बघितलं नव्हतं. नवा जोड होता ना. पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, दाढी केलेली, केस पाण्यानं बसवलेले. चित्र यायच्या आधीपासूनच त्याचे हात चालू होते. काय म्हणत होता देव जाणे. मग त्याला माझा चेहरा दिसला आणि हात थांबले.

“बाबा?”

मला सांगावं लागलंच नाही. मागून मेहुणीचं रडणं त्याला ऐकू गेलं. त्यानं दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले. मागे खिडकीतून त्याच्याकडचं ऊन वर येत होतं.

“कधी?” त्यानं विचारलं.

“बारा मिनिटं झाली.”

“बारा मिनिटं.” त्यानं डोळे पुसले. “जहाजाला उशीर झाला का, बाबा? दुपारची वेळ दिली होती ना त्यांनी?”

मेहुणी पलीकडून मला खुणावत होती, हो म्हणा, हो म्हणा. भली बाई आहे ती. आणि मला हो म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं. जहाज दूर कुठेतरी समुद्रात होतं, त्यावरची माणसं मला ना विचारायला येणार होती ना भांडायला. पण त्या माणसांनी आपलं काम वेळेवर चोख केलं होतं, आणि दुपारभर मी त्यांना शिव्या दिल्या होत्या.

“जहाजाचं दोनच्या आतच झालं होतं,” मी म्हणालो. “कुलूप माझं होतं. किल्ली गळ्यात घेऊन मी इथं येऊन बसलो. विसरलो.”

तो स्क्रीनच्या अगदी जवळ सरकला.

“आईला नाही कळलं?” तो हळूच म्हणाला. “तिला तर तुमच्या किल्लीचं सगळं पाठ होतं. ती तुमच्या नकला करायची, किल्ली गळ्यात आहे की नाही बघण्याच्या. तुम्हाला कळायचं नाही, पण आम्ही त्यावरच हसायचो.”

“कळलं होतं,” मी म्हणालो. “सांगत होती मला. अडीचपासून सांगत होती.”

“मग?”

“मी तिचे हात धरून खाली ठेवले. गप पडून राहा म्हणालो.”

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं, जन्मभर मीच सगळ्यांवर ओरडत आलो आहे. तो ओरडला नाही. त्यानं एकदा खाली बघितलं, नाक ओढलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “टॅबलेट तिच्याकडे फिरवा, बाबा. मला आत्ता तुमच्याकडे बघायचं नाहीये.”

मी फिरवला. आता मला फक्त टॅबलेटची पाठ दिसत होती आणि तिचा चेहरा. त्याचा काहीच आवाज येत नव्हता, म्हणजे तो हातांनी बोलत असणार. धरून धरून माझे दोन्ही हात भरून आले. मेहुणी म्हणाली, “भावजी, द्या, मी धरते.” मी दिला नाही.